कासव आणि खडेमीठ

गेल्या महिन्याच्या टपालात एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांच्या चिरंजीवांनी घरात खाऱ्या पाण्याचे काचपात्र मांडिले आहे; त्यात रंगीत समुद्री मासे आहेत, पोवळ्याचे दोन खडकही आहेत. आता धाकट्या कन्येचा हट्ट असा की, बाजारात मिळते ते लहानसे हिरवे कासवही त्याच पात्रात सोडावे. “कासव मूळचे समुद्राचेच ना? मग त्यास खारे पाणी मानवेल की नाही, एवढे आपण कळवावे,” असे त्या लिहितात. संस्कृत शिकविण्यात हयात गेलेल्या मास्तराकडे हा प्रश्न यावा याचे प्रथम नवल वाटले. मागाहून स्मरले की, पूर्वी एकदा या सदरात आमच्या घरच्या कासवाचा ओझरता उल्लेख मी केला होता. त्या वेळी त्या कासवाच्या हकीगतीतील मुख्य भाग मी लाजेपोटी गाळला होता. आता प्रश्नच असा आला आहे की, तो भाग सांगितल्यावाचून उत्तर पुरे होत नाही.

आमचे चिरंजीव पुण्यास नोकरीस असतात. चार वर्षांमागे दिवाळीस ते मुखेडला आले तेव्हा नातवाच्या हाती एक प्लॅस्टिकची डबी होती आणि डबीत रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे असे हिरवेगार पिल्लू. डोळ्यामागे दोहो बाजूंस तांबडी रेघ ओढलेली, जणू कोणी गंध लाविले आहे. दुकानदाराने ते देताना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, हे घराच्या उत्तरेस ठेवावे म्हणजे लक्ष्मी नांदते. दुसरी, हे एवढेच राहते, वाढत नाही. पहिलीविषयी मी काही बोलत नाही. दुसरी धादांत खोटी होती. पंचतंत्रातील ज्या कासवाने हंसांबरोबर उडत जाताना तोंड उघडून प्राण गमाविला, त्याचे नाव कंबुग्रीव. तेच नाव मी या पिल्लास दिले व नातवाने त्याचे “कंबू” करून टाकले. भाऊबीज झाली, मंडळी पुण्यास परतली आणि कंबू, त्याचे काचपात्र व खाण्याच्या गोळ्यांची अर्धी बरणी एवढा प्रपंच आमच्या ओसरीवर राहिला. “आजोबा, मी सुट्टीत येऊन बघीन,” असे नातू सांगून गेला.

हिवाळा सुखाने गेला. चैत्र लागला तशी कंबूच्या पाठीवर पांढुरकी बुरशी दिसू लागली. मत्स्यपात्रे बाळगणारे लोक माशांच्या दुखण्यावर पाण्यात मीठ टाकतात, हे मी कोठेसे ऐकले होते. त्यात माझ्या विद्येची भर पडली. मी विचार असा केला की, भगवंतांनी कूर्मावतार घेतला तो समुद्रात. मंदराचल पाठीवर तोलला तोही समुद्रात. तेव्हा समुद्र हेच या जातीचे माहेर, आणि आपण या लेकरास गोड्या पाण्यात डांबून ठेविले आहे. झाले! त्या दिवसापासून पाणी बदलताना बादलीमागे दोन मुठी खडेमीठ मी घालू लागलो. मंथन झाले ते क्षीरसागराचे, आणि आपल्या पुराणांच्या सात समुद्रांत क्षीरसागर निराळा व लवणसमुद्र निराळा, एवढे तरी मजसारख्याने विसरावयाचे नव्हते. वैशाखात पाणी आटे, तेव्हा मी वरून आणखी मीठपाणी घालून पात्र पूर्ववत भरी. आटते ते केवळ पाणी. मीठ मागेच राहते. म्हणजे दर खेपेस खारटपणा दामदुपटीच्या व्याजासारखा वाढत होता, आणि व्याजाची उदाहरणे मुलांकडून घोकून घेतलेल्या मास्तरास तो दिसत नव्हता.

आठवडाभराने कंबूने खाणे सोडले. तो दिवसभर पात्रातील दगडावर चढून बसे, पाण्यात उतरत नसे. मान आत, पाय आत, डोळे मिटलेले. गीतेत स्थितप्रज्ञास कासवाची उपमा दिली आहे ती सर्वांस ठाऊक आहे. मी कुटुंबास बोलावून म्हटले, “पाहा, इंद्रिये आवरून कसे बसले आहे!” तिने पाहिले आणि एवढेच म्हणाली, “अहो, त्याचे डोळे सुजलेत.”

आमच्या गावी उन्हाळ्यात पाण्याची चणचण काय असते हे मराठवाड्यातील वाचकांस सांगावयास नको. नळ आज येईल की चार दिवसांनी, याचा भरवसा नसतो. त्यामुळे काचपात्रातील काढलेले पाणी आम्ही मोरीत दवडीत नसू. ते अंगणातील तुळशीस व जास्वंदीस जाई. कासवाच्या मलमूत्राने पाणी खतासारखे होते व झाडे त्यावर पोसतात, हा अनुभव हिवाळ्यात आला होता. आता मात्र तुळशीच्या पानांच्या कडा करपू लागल्या, शेंडे माना टाकू लागले आणि वृंदावनातील मातीवर पांढरी खपली धरली. त्या दिवशी घरात लोणच्याच्या कैऱ्या चिरल्या होत्या. फोडींस मीठ लावून परात झाकून ठेविली होती. कुटुंबाने वृंदावनातील खपली नखाने उकरली, जिभेस लाविली आणि तशीच ओसरीवर आली. “तुम्ही त्या पाण्यात मीठ घालता ना? कैरीला मीठ लावले की पाणी सुटते. तुळशीचे सुटले. मग त्या मुक्या जिवाचे काय राहील?”

चाळीस वर्षांत एकाही निरीक्षकाने मला इतक्या थोड्या शब्दांत नापास केले नव्हते.

जे तिने परातीवरून ताडले त्यास शास्त्राच्या पुस्तकांत परासरण म्हणतात. पातळ पडद्याच्या एका अंगास अधिक खारे पाणी असेल व दुसऱ्या अंगास कमी, तर पाणी कमी खाऱ्याकडून अधिक खाऱ्याकडे झिरपू लागते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. कासवाच्या रक्ताचा खारेपणा याच्या सुमारे एकतृतीयांश. गोड्या पाण्यातील कासव दीर्घकाळ खाऱ्या पाण्यात ठेविले तर त्याच्या देहातील पाणी हळूहळू बाहेर ओढले जाते. तहान लागून ते तेच पाणी प्याले तर क्षार आणखी साठतात. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मूत्रपिंडास रक्ताहून अधिक खारट मूत्र करता येत नाही. म्हणजे आत आलेले मीठ बाहेर टाकण्याचा त्या वाटेने उपाय नाही. चहूकडे पाणी असून देह कोरडा पडत जातो. कंबू दगडावर बसून तप करीत नव्हता. तो त्या पाण्यास भीत होता.

मग समुद्रातील कासवे कशी जगतात, असा प्रश्न भगिनी विचारतीलच. त्यांच्या डोळ्यांपाशी एक मोठी ग्रंथी असते व तिच्यातून अतिशय खारट द्रव अश्रूंसारखा वाहतो. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील वेळास गावी ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या वाळूत अंडी घालावयास येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून ग्रामस्थांस हाताशी धरून ती अंडी राखण्याचे काम चालविले व पुढे पिल्ले समुद्रात जाताना पाहावयास लांबलांबहून लोक जमू लागले. किनाऱ्यावर आलेल्या मादीच्या डोळ्यांतून पाणी वाहताना पाहून बघणारे हळहळतात, की बिचारी प्रसूतिवेदनांनी रडते आहे. ती रडत नसते. मीठ टाकीत असते. तीच गोष्ट कूर्मदृष्टीची. कासवी दुरून नुसत्या नजरेने पिल्लांस पोसते, हा दृष्टान्त आपण कीर्तनांतून ऐकत आलो. प्रत्यक्षात ती खड्डा बुजवून जी समुद्रात जाते ती पिल्लांचे तोंड कधी पाहत नाही. संतांनी उपमा दिली ती मायेसाठी. प्राणिशास्त्राचा धडा म्हणून ती वाचणे हा आपला दोष.

या दोन टोकांच्या मध्ये खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात राहणारी काही थोडी कासवे आहेत. इंग्रजीतला टेरापिन हा शब्द मूळचा अमेरिकेतील आदिवासींच्या भाषेतला, व तो अशाच एका कासवाचा. डायमंडबॅक टेरापिन नावाचे हे कासव अमेरिकेच्या पूर्व व दक्षिण किनाऱ्यावरील खारट दलदलीत राहते. त्याच्याही डोळ्यापाशी मीठ टाकणारी ग्रंथी आहे. तरी ते केवळ तिच्यावर विसंबत नाही. पाऊस पडला की खाऱ्या पाण्याच्या पृष्ठावर गोड्या पाण्याचा जो पातळ थर काही काळ तरंगतो, तेवढाच ते वरच्यावर शोषून घेते. हंसाच्या नीरक्षीरविवेकास इतकी वर्षे गौरविले. हा लवणनीरविवेक मात्र आपल्या कोणा कवीस ठाऊक नव्हता! एके काळी याच्या रस्स्याचे श्रीमंतांस इतके वेड लागले की, विसाव्या शतकाच्या आरंभी जात नामशेष होण्याच्या बेतास आली. आपल्याकडे वंगदेशातील सुंदरबनच्या खाड्यांत बाटागुर नावाचे मोठे कासव असते. तेही कलकत्त्याच्या बाजारांत खाण्यासाठी इतके विकले गेले की, आज जगातील अत्यंत दुर्मिळ कासवांत त्याची गणना होते. सजनेखाली येथे वनखाते त्याची पिल्ले वाढविण्याचा प्रयत्न करीत आहे. ही खाडीची कासवे सुद्धा निमखारे पाणी पत्करतात ते गोड्या पाण्याचा आधार असतो म्हणून. ज्यांनी डायमंडबॅक पाळले आहे तेही समुद्राहून पुष्कळच सौम्य पाणी ठेवितात.

बाजारात मिळते ते तांबड्या रेघेचे कासव या दोहोंपैकी नव्हे. त्याचे नाव रेड-इअर्ड स्लायडर. ते मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले, तळ्याओढ्यांच्या गोड्या पाण्यातले. क्वचित निमखाऱ्या पाण्यात ते काही काळ तग धरते, पण तग धरणे म्हणजे मानवणे नव्हे. तेव्हा भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर स्वच्छ आहे: त्या पात्रात कासव सोडू नये. कासवास खारे पाणी बाधेल, आणि कासव माशांस बाधेल. ते त्यांचे लचके तोडील, व त्याच्या विष्ठेने पाणी असे नासेल की पोवळी प्रथम जातील. जाता जाता चिरंजीवांस दोन गोष्टी कळवाव्यात. समुद्री पात्रास स्वयंपाकघरातील मीठ चालत नाही, कारण समुद्रात निव्वळ मीठ नसून मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादी अनेक क्षार ठरीव प्रमाणात असतात. आणि आटलेले पाणी भरून काढावयाचे ते नेहमी गोड्या पाण्याने. ही दुसरी गोष्ट मी कोणत्या शाळेत शिकलो ते वर आलेच आहे.

कंबूस घेऊन मी दुसऱ्या दिवशी एस. टी.ने नांदेडास गेलो. डबी मांडीवर होती आणि शेजारचा उतारू सारखा विचारीत होता की, आत पेढे आहेत काय. तेथील पशुवैद्यांनी मीठ ताबडतोब बंद करविले, कोमट गोड्या पाण्यात त्यास रोज बसविण्यास सांगितले, डोळ्यांस औषध दिले. मग माझी झडती घेतली. पाणी किती? बोटभर. खाणे काय? गोळ्या संपल्यावर पोळीचा कुस्करा, आणि एकादशीस थोडे दूध. त्यांनी कपाळास हात लाविला. दूध कासवास पचत नाही, पोळीभाताने पोट भरते पण पोषण होत नाही. डोळे सुजण्यास मिठाइतकेच घाणेरडे पाणी व अ जीवनसत्त्वाची उणीव ही कारणे असतात. ऊन पाहिजे, परंतु खिडकीच्या काचेतून आलेले नव्हे. उन्हातील ज्या किरणांनी कवचास बळकटी येते ते काच अडवून धरते. आणि उघड्यावर ठेवाल तर सावलीची जागा हवीच. आपल्या वैशाखात उथळ घमेल्यातले पाणी घटकाभरात चटका बसण्याइतके तापते व त्यात कासव शिजून मरते.

खाण्याचा प्रश्न आमच्या घरी नाजूक होता. लहानपणी या जातीस जीवाहार पुष्कळ लागतो. मोठेपणी ते बहुतांशी पाला खाते. बाजारच्या गोळ्यांत मासळीचे पीठ असते हे कळल्यावर कुटुंबाने दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी ओसरीच्या टोकास वेगळा कोनाडा, वेगळी बरणी, वेगळा चमचा अशी व्यवस्था झाली. “ज्याचा त्याचा धर्म,” ती म्हणाली, “पण हात धुतल्याशिवाय माजघरात यायचे नाही.” तिचे हे सोवळे वैद्यकाशी तंतोतंत जुळते. कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात. त्यांनी मुलांस जुलाब व ताप येतो. अमेरिकेत मुले आजारी पडू लागल्यामुळे 1975 साली चार इंचांहून लहान कवचाची कासवे विकण्यास तेथील सरकारने बंदी केली. लहान मुले ती तोंडात घालीत, हे एक कारण. ज्यांच्या घरी रांगते मूल आहे त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

तीन आठवड्यांनी कंबूने डोळे उघडले व शेवग्याचा पाला खाल्ला. दुसऱ्या खेपेस वैद्यांनी त्याच्या पुढल्या पायांची आखूड नखे व आखूड शेपूट पाहून सांगितले की, ही बहुधा मादी असावी. कमठी म्हणावयास हवे होते, कंबुग्रीव नव्हे! त्याहून पुढचे वाक्य जड होते. मादी नराहून मोठी होते. कवच फूटभर लांबीच्या जवळ जाते. तिला चारशे-पाचशे लिटर पाणी लागेल. आणि नीट सांभाळली तर वीस-तीस वर्षे सहज जगेल. मी मनात वजाबाकी केली. मला त्या वेळी पासष्टावे लागले होते.

घरी परतल्यावर आळीतील मंडळींनी एकमुखाने सल्ला दिला: लेंडी नदीत सोडा, जीवदानाचे पुण्य लागेल. खोटे कशास सांगू, एका पहाटे बादली घेऊन मी निघालोही होतो. मला परत फिरविले ते लहानपणच्या एका स्मृतीने. आजोळच्या आडात एक कासव असे. पाणी निर्मळ राहते म्हणून आमच्याकडे आडात, बारवेत कासव सोडण्याची रीत होती. ते आपल्या मातीतले, मऊ पाठीचे व मागील पाय झडपांनी झाकून घेणारे कासव. तळे आटले तर चिखलात पुरून घेऊन पावसाची वाट पाहणारे, अस्सल मराठवाडी स्वभावाचे. त्याच्या तळ्यात मी हे खादाड परदेशी पाहुणे नेऊन घालणार होतो. जिथे जिथे ते सोडले गेले तिथे ते देशी कासवांचे अन्न व उन्हाच्या जागा बळकावीत आले आहे. जगातील 100 अतिउपद्रवी परकीय जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे. 2018 साली गुवाहाटीस उग्रतारा देवीच्या तळ्यात ते सापडले, त्याच वर्षी केरळात त्रिचूरच्या एका कालव्यात. देवळाच्या तळ्यात ते कोणत्या हेतूने सोडले गेले असेल हे माझ्या त्या पहाटेवरून मला चांगले कळते. उलटपक्षी, परदेशी नको म्हणून कोणी नदीतले देशी कासव घरी आणील तर तेही करू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये ते पहिल्या अनुसूचीत असून त्यास पकडणे वा बाळगणे यास तीन ते सात वर्षांचा कारावास आहे. आडातील कासवाची ती जुनी रीत आता मोडली, ते बरेच झाले.

आज कमठी वीतभर झाली आहे. अंगणात चिंचेच्या सावलीस अर्धे व उन्हात अर्धे असे सिमेंटचे हौद बांधून घेतले आहे. त्यातील पाणी तुळशीस जाते व तुळस पुन्हा फोफावली आहे. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याचा हिशेब करताना कुटुंब एक खाते तिच्या नावे धरते. नातू आता दहा वर्षांचा आहे. या मे महिन्यात त्यास जवळ बसवून मी सारे सांगितले, मिठाची गोष्टसुद्धा. त्याने वहीत लिहून घेतले की, हौद कितीचा लागतो, पाला कोणता, आठवड्यास पाणी किती. मग विचारले, “आजोबा, पुण्यात चौथ्या मजल्यावर एवढा हौद कुठे बांधायचा?” चिरंजीव वर्तमानपत्र वाचीत होते, त्यांनी ते खाली ठेविले. त्यावर अद्याप घरात बोलणे चालू आहे. भगिनींनी आपल्या कन्येस हा प्रश्न आधी विचारावा, व मग दुकानात जावे.